दक्षिणा, वर्गणी आणि हक्क : ग्रामीण सार्वजनिक शाळांच्या ज्ञानसामग्रीसाठी निधिसंकलन (झाशीच्या निमित्ताने)

ग्रामीण भागातील सार्वजनिक शाळेला पुस्तके, नकाशे, प्रयोगाचे साहित्य, खेळाची साधने मिळावीत म्हणून समाजाकडे पैसा मागणे ही आज सर्वत्र परिचित झालेली गोष्ट आहे. हा विषय सामान्यतः शिक्षणशास्त्राच्या किंवा प्रशासनाच्या कक्षेतील मानला जातो. तौलनिक साहित्याच्या अभ्यासकाने त्यात लक्ष का घालावे, असा प्रश्न येथे साहजिकच उपस्थित होईल. त्याचे उत्तर असे की, मागणे ही मुळात एक भाषिक कृती आहे. मागणारा स्वतःला कोण म्हणवतो, देणाऱ्याला कोणत्या नावाने संबोधतो आणि दिल्या-घेतलेल्या रकमेला कोणता शब्द वापरतो, यावर त्या व्यवहाराचा नैतिक अर्थ ठरतो. दक्षिणा, भिक्षा, माधुकरी, पट्टी, वर्गणी, देणगी, चंदा, अनुदान आणि हक्क हे शब्द एकमेकांचे पर्याय नव्हेत. प्रत्येकाच्या मागे एक समाजरचना उभी आहे. प्रस्तुत लेखात या शब्दांचा मागोवा घेत, शाळेसाठी निधी जमविण्याची कृती केव्हा न्याय्य ठरते आणि केव्हा ती शाळेच्याच मुळावर येते, याचा विचार करावयाचा आहे. त्यासाठी झाशी हे स्थळ निवडले आहे. मराठी आणि बुंदेली-हिंदी या दोन परंपरा तेथे एकत्र आलेल्या आहेत, हे त्याचे एक कारण. दुसरे कारण पुढील विवेचनातून स्पष्ट होईल.

१. झाशीत आलेला याचक

वरसईचे विष्णुभट गोडसे १८५७ मध्ये उत्तरेकडे निघाले ते देशाटनाच्या हौसेने नव्हे. घरावर कर्ज होते आणि बायजाबाई शिंदे मथुरेस सर्वतोमुख यज्ञ करणार असल्याची वार्ता त्यांच्या कानी आली होती. अशा यज्ञात विद्वान ब्राह्मणास भरघोस दक्षिणा मिळते, ती आणून कर्ज फेडावे, असा त्यांचा सरळ हिशोब होता. वाटेत उठावाचा वणवा पेटला आणि गोडसे भटजी झाशीत येऊन पोहोचले. एप्रिल १८५८ च्या आरंभी सर ह्यू रोझ यांच्या फौजेने शहर घेतले, तेव्हा ते तेथे होते. चिंतामणराव वैद्यांनी त्यांच्याकडून लिहवून घेतलेला ‘माझा प्रवास’ १९०७ मध्ये, वैद्यांच्याच संपादनाने, प्रसिद्ध झाला आणि पुढे १९६६ मध्ये दत्तो वामन पोतदारांनी मूळ हस्तलिखितावरून त्याची नवी आवृत्ती सिद्ध केली. अमृतलाल नागरांनी तो हिंदीत नेला. गेल्या दीड-दोन दशकांत त्याचे इंग्रजी अनुवादही झाले. अभ्यासकांना हा सर्व इतिहास परिचित आहे.

या ग्रंथाकडे आपण सहसा उठावाचा साक्षीदार म्हणून पाहतो. प्रस्तुत विषयाच्या दृष्टीने मात्र त्यातील दोन गोष्टी महत्त्वाच्या आहेत. एक म्हणजे, संपूर्ण प्रवासाची प्रेरणा दक्षिणा ही आहे. विद्येचा खर्च कोणी चालवायचा, या प्रश्नाला त्या काळाचे जे उत्तर होते त्याचा हा आत्मकथनात्मक पुरावा होय: विद्वानाने विद्या सांभाळावी आणि धनिकाने विद्वानाला सांभाळावे. दुसरी म्हणजे, झाशीच्या पाडावात राजवाड्यातील समृद्ध ग्रंथसंग्रहाची जी धूळधाण झाली तिचे गोडसे यांनी केलेले वर्णन. नगरातील हत्या आणि लूट सांगताना पोथ्यांच्या नाशासाठी हा भिक्षुक थांबतो. ज्याची उपजीविका पोथीवर चालते त्यालाच ते नुकसान दिसले, हे स्वाभाविक आहे.

या दोन्ही गोष्टी एकाच व्यवस्थेच्या दोन बाजू आहेत. ग्रंथसंग्रह राजाच्या तिजोरीवर उभा होता, विद्वान राजाच्या दातृत्वावर. नोव्हेंबर १८५३ मध्ये गंगाधरराव वारले, १८५४ मध्ये संस्थान खालसा झाले, १८५८ मध्ये वाडा लुटला गेला आणि ग्रंथ गेले. ज्या ज्ञानसंचयाचा एकच पोशिंदा असतो त्याचे आयुष्य त्या पोशिंद्याइतकेच असते. शिवाय भोवतालच्या खेड्यांतील कोष्टी, कुणबी, चर्मकार यांच्या मुलांचा त्या ग्रंथांशी कोणताच संबंध नव्हता. झाशीतील ग्रंथनाशाबद्दल हळहळताना हेही ध्यानात ठेवले पाहिजे.

२. दक्षिणेचे पुस्तक झाले

दक्षिणा हा शब्द व्यक्तीला दिलेल्या मानधनाकडून सार्वजनिक विद्येकडे कसा वळला, याची कथा पुण्यात घडली. सेनापती खंडेराव दाभाडे यांनी सुरू केलेली आणि पेशव्यांनी पुढे चालविलेली श्रावणातील दक्षिणा ही पेशवाईच्या उत्तरकाळात मोठ्या खर्चाची बाब झाली होती. १८१८ नंतर एल्फिन्स्टनने ती एकदम बंद केली नाही. तिच्यातील काही भाग वळवून १८२१ मध्ये विश्रामबागवाड्यात संस्कृत पाठशाळा काढण्यात आली. खरा वाद १८४९ मध्ये झाला. लोकहितवादी आणि त्यांच्या विचारांच्या मंडळींनी सरकारकडे अर्ज केला की, दक्षिणेचा पैसा मराठीत उपयुक्त ग्रंथ लिहिणाऱ्यांना पारितोषिक म्हणून द्यावा. सनातनी मंडळींनी त्यास तीव्र विरोध केला आणि अर्जदारांच्या पाठीशी जोतीराव फुले आपल्या माणसांसह उभे राहिले. पुढे लवकरच दक्षिणा प्राइज कमिटी अस्तित्वात आली आणि मराठी गद्याच्या घडणीत तिचा वाटा किती होता हे वाङ्मयेतिहासकारांनी नोंदवलेले आहे.

या घटनेचे महत्त्व केवळ भाषिक नाही. ‘हा पैसा कोणाचा?’ हा प्रश्न तिने प्रथमच उघडपणे विचारला. दक्षिणा राजाने दिली, असे सनातनी म्हणत होते. राजाकडे ती रयतेकडून आली, म्हणून रयतेच्या भाषेत तिचा उपयोग झाला पाहिजे, हा दुसऱ्या पक्षाच्या भूमिकेचा गाभा होता. निधीचा उगम आणि निधीचा लाभ यांचा संबंध असला पाहिजे, हे तत्त्व येथे प्रस्थापित झाले. ग्रामीण शाळेसाठी आज जो कोणी निधी जमवतो त्याने हे तत्त्व विसरता कामा नये.

३. उपकर आणि फुल्यांचा आक्षेप

एकोणिसाव्या शतकात खेड्यातील शाळांचा खर्च भागविण्यासाठी जी प्रमुख युक्ती योजण्यात आली ती उपकराची. वायव्य प्रांतात थॉमसन यांच्या कारकिर्दीत ‘हलकाबंदी’ शाळांची योजना आली. जवळजवळच्या काही गावांचा एक हलका करावा, मध्यवर्ती गावी शाळा ठेवावी आणि जमीनमहसुलावर शेकडा एक या प्रमाणात काढलेल्या रकमेतून ती चालवावी, अशी ही रचना होती. तिचा आरंभ मथुरा जिल्ह्यात झाला. गोडसे ज्या मथुरेतील यज्ञाची वार्ता ऐकून निघाले त्याच जिल्ह्यात त्यापूर्वी काही वर्षे विद्येच्या पोषणाची ही अगदी वेगळी व्यवस्था आकार घेत होती. १८५८ नंतर झाशी जिल्हाही याच प्रांताच्या शिक्षणव्यवस्थेत ओढला गेला. मुंबई इलाख्यात याच सुमारास रुपयामागे एक आणा असा स्थानिक उपकर बसविण्यात आला. १८६९ च्या कायद्याने तो पक्का झाला. त्याचा एक तृतीयांश भाग शिक्षणासाठी आणि उरलेला रस्ते वगैरे कामांसाठी असे.

उपकर म्हणजे कायद्याने बांधलेली वर्गणीच. त्यात याचना नाही, दात्याची मर्जी नाही. त्यामुळे दक्षिणेपेक्षा ही व्यवस्था निश्चितच पुढची होती. परंतु १८८२ मध्ये हंटर आयोगापुढे निवेदन देताना फुल्यांनी तिचा कच्चा दुवा दाखवून दिला. सरकारी उत्पन्नाचा मोठा भाग शेतकऱ्याच्या घामातून येतो आणि शिक्षणावरील खर्चाचा ओघ मात्र वरच्या वर्गांच्या उच्च शिक्षणाकडे जातो, हा त्यांच्या निवेदनाचा मध्यवर्ती मुद्दा होय. प्राथमिक शिक्षण किमान बाराव्या वर्षापर्यंत सक्तीचे करावे आणि शिक्षक शक्यतो शेतकरी वर्गातून घ्यावेत, अशा सूचनाही त्यांनी केल्या. ‘शेतकऱ्याचा असूड’मध्ये हाच विचार अधिक धारदार भाषेत आला आहे.

फुल्यांच्या या भूमिकेतून निधिसंकलनाविषयी एक कसोटी हाती लागते. ज्या गावाने शिक्षणासाठी कर भरला आहे त्याच गावापुढे शाळेसाठी झोळी पसरली जात असेल, तर आधी भरलेल्या कराचे काय झाले, हा प्रश्न विचारणे देणगी मागण्याच्या आधी आले पाहिजे.

४. वर्गणीचे तीन प्रयोग

मराठीत ‘वर्गणी’ या शब्दात वाटणीचा अर्थ आहे: एखादा खर्च सर्वांवर, ऐपतीप्रमाणे, विभागून टाकणे. हिंदी पट्ट्यात ‘चंदा’ हा शब्द चालतो आणि मोठ्या दात्याला ‘भामाशाह’ म्हणून गौरवण्याची प्रथा आहे. महाराणा प्रतापांना धन देणाऱ्या मंत्र्याच्या नावावरून आलेले हे संबोधन देणाऱ्याकडे पाहते. वर्गणी हा शब्द समूहाकडे पाहतो. झाशीतील मराठी कुटुंबांच्या बोलण्यात आज बुंदेलीचे कितीतरी शब्द मिसळले असले तरी गणेशोत्सवासाठी काढतात ती ‘वर्गणी’च. ज्या गणेश मंदिरात १८४२ मध्ये लक्ष्मीबाईंचा विवाह झाला असे मानले जाते त्याच्या परिसरात हा शब्द अजून जिवंत आहे, ही गोष्ट भाषेच्या अभ्यासकाला सुखावणारी आहे.

शिक्षणाच्या क्षेत्रात वर्गणीच्या कल्पनेचे तीन मराठी प्रयोग येथे विचारात घेता येतील.

पहिला प्रयोग बडोद्याचा. सयाजीराव गायकवाडांनी १८९३ मध्ये अमरेली तालुक्यात सक्तीच्या प्राथमिक शिक्षणाचा आरंभ केला आणि १९०६ मध्ये ते संस्थानभर लागू केले. शिकलेल्या मुलाला वाचावयास काही मिळाले नाही तर त्याची अक्षरओळख पुसली जाईल, हे त्यांच्या ध्यानात आले. १९१० मध्ये अमेरिकेहून बोलावलेल्या बोर्डन यांच्या साहाय्याने त्यांनी ग्रंथालयांचे जाळे विणले. खेड्यांत पेट्यांतून फिरणारी ग्रंथालये गेली. स्थायी ग्रामग्रंथालयासाठी नियम असा होता की, ठरावीक मर्यादेपर्यंत गावाने जितकी रक्कम जमवावी तितकीच राज्याने आणि तितकीच प्रांत पंचायतीने द्यावी. म्हणजे गावाच्या एका रुपयाचे तीन रुपये होत. येथे वर्गणी ही सरकारी जबाबदारीची जागा घेत नाही, ती सरकारी जबाबदारीला कामाला लावते. हा भेद सूक्ष्म वाटला तरी निर्णायक आहे.

दुसरा प्रयोग साताऱ्याचा. कर्मवीर भाऊराव पाटलांनी १९१९ मध्ये काले येथे रयत शिक्षण संस्था स्थापन केली आणि १९२४ मध्ये तिचे ठाणे साताऱ्यास हलविले. वसतिगृहातील मुलांसाठी लक्ष्मीबाई पाटलांनी आपले दागिने, अगदी मंगळसूत्रही मोडले, ही कथा महाराष्ट्रात घरोघरी माहीत आहे. परंतु व्यवस्थेच्या दृष्टीने अधिक महत्त्वाचा आहे तो ‘मुष्टिफंड’. घरातील बाईने दळणाआधी मूठभर धान्य बाजूला काढून ठेवावे आणि ते शाळेसाठी जमा व्हावे, ही ती कल्पना. ज्या घरात रोख पैसा नाही त्या घरालाही दाता होण्याचा मान तिने दिला. माधुकरी मागणारा विद्यार्थी दारोदार फिरत असे आणि ती त्याची वैयक्तिक भिक्षा असे. मुष्टिफंडात तेच धान्य संस्थेच्या कोठारात जाते आणि कोणत्या घरचे धान्य कोणत्या मुलाच्या ताटात पडले हे कळत नाही. भिक्षेतील लाचारी काढून टाकून तिचे वर्गणीत रूपांतर करण्याची ही रीत होती. ‘कमवा आणि शिका’ या तत्त्वाने विद्यार्थ्यालाही देणाऱ्यांच्या रांगेत बसविले.

तिसरा प्रयोग तुलनेने कमी चर्चिला जातो. महर्षी धोंडो केशव कर्वे यांचे नाव स्त्रीशिक्षणाशी इतके निगडित झाले आहे की, खेड्यातील प्राथमिक शाळांसाठी त्यांनी केलेल्या कामाचा विसर पडतो. तरुणपणी, १८८६ च्या सुमारास, त्यांनी ‘मुरूड फंड’ काढला. नोकरीधंद्यासाठी बाहेर पडलेल्या मुरूडकरांनी आपल्या मिळकतीचा लहानसा ठरावीक भाग गावाच्या हितासाठी, विशेषतः शिक्षणासाठी, बाजूला ठेवावा, अशी त्यामागील कल्पना होती. ‘आत्मवृत्त’ वाचताना जाणवते की, हिशोबाचा काटेकोरपणा हा कर्व्यांच्या नैतिकतेचाच भाग होता. पुढे १९३६ मध्ये, वयाची पंचाहत्तरी उलटल्यावर, त्यांनी महाराष्ट्र ग्राम प्राथमिक शिक्षण मंडळ स्थापन केले. ज्या खेड्यांत लोकल बोर्डाची शाळा नव्हती तेथे शाळा काढणे हा त्याचा उद्देश. त्यासाठी हा वृद्ध गृहस्थ पुण्यात दारोदार फिरून अगदी किरकोळ रकमाही स्वीकारीत असे. गोडसे भटजींचा प्रवास आणि कर्व्यांची ही फेरी यांची तुलना उद्बोधक आहे. दोघेही कोकणातील ब्राह्मण, दोघेही मागावयास निघालेले. एकाने आपल्या विद्येचे मोल एका राजघराण्याकडे मागितले. दुसऱ्याने इतरांच्या विद्येचे मोल शंभर घरांकडे मागितले. सुमारे ऐंशी वर्षांत मागणाऱ्याचे ‘मी’ बदलून गेले आहे. मराठी आत्मचरित्राच्या अभ्यासकांनी या बदलाकडे अवश्य पाहावे.

५. दुहेरी कराचा प्रश्न

वर्गणीची एवढी थोरवी सांगितल्यावर तिची काळी बाजूही सांगणे प्राप्त आहे. त्यासाठी थोडे दूर, अमेरिकेच्या दक्षिणेकडील राज्यांत जावे लागेल. फुल्यांनी १८८२ मध्ये मांडलेला प्रश्न तेथे विसाव्या शतकात मोठ्या प्रमाणावर प्रत्ययास आला. फुल्यांनी आपला १८७३ मधील ‘गुलामगिरी’ हा ग्रंथ अमेरिकेतील गुलामगिरीविरोधी कार्यकर्त्यांनाच अर्पण केला होता, हे ध्यानी घेता ही तुलना ओढूनताणून आणलेली वाटणार नाही.

१९१२ पासून १९३२ पर्यंत, बुकर टी. वॉशिंग्टन यांच्या प्रेरणेने आणि ज्यूलियस रोझेनवाल्ड या उद्योगपतीच्या साहाय्याने, कृष्णवर्णीय मुलांसाठी ग्रामीण भागात पाच हजारांच्या आसपास शाळागृहे उभारली गेली. अट अशी की, स्थानिक लोकांनीही आपला वाटा उचलावा. कापसाच्या शेतात राबणाऱ्या कुटुंबांनी रोख रक्कम, लाकूड, जमीन, श्रम असे जे जमेल ते दिले. एकूण हिशोबात कृष्णवर्णीय समाजाचे योगदान सुमारे ४७ लाख डॉलर भरले आणि रोझेनवाल्ड निधीचे सुमारे ४३ लाख. म्हणजे ज्याच्या नावाने या शाळा ओळखल्या जातात त्याच्यापेक्षा ज्यांची मुले तेथे शिकणार होती त्यांनी अधिक दिले. इतिहासकार जेम्स अँडरसन यांनी १९८८ मधील आपल्या ग्रंथात या घटनेला दुहेरी करआकारणी म्हटले आहे. हे लोक सार्वजनिक शाळांसाठी कर भरतच होते. तो पैसा गोऱ्या मुलांच्या शाळांकडे जात होता. आणि आपल्या मुलांसाठी त्यांना पुन्हा एकदा, खिशातून, द्यावे लागत होते.

या शाळांनी एका पिढीचे आयुष्य बदलले, यात शंका नाही. त्या लोकांच्या त्यागाचा गौरव करणे आणि त्या त्यागाची गरज पाडणाऱ्या व्यवस्थेचा निषेध करणे ही दोन्ही विधाने एकाच वेळी खरी आहेत. लोकवर्गणीच्या कथा सांगताना आपण बहुधा पहिले विधान करतो आणि दुसरे गाळतो. मंगळसूत्र मोडणाऱ्या लक्ष्मीबाईंची कथाही याच रीतीने, म्हणजे दोन्ही विधानांसह, सांगितली गेली पाहिजे.

६. साहित्याने दिलेला इशारा

गावाने पैसा दिला म्हणजे शाळा गावाची झाली, हे गृहीतकही तपासून पाहण्यासारखे आहे. श्रीलाल शुक्ल यांची ‘राग दरबारी’ ही १९६८ मधील हिंदी कादंबरी उत्तर प्रदेशातील शिवपालगंज या काल्पनिक गावात घडते. तिच्या केंद्रस्थानी छंगामल विद्यालय इंटरमीडिएट कॉलेज आहे. लोकांच्या नावाने उभी राहिलेली ही संस्था वैद्यजी या व्यवस्थापकाची खासगी जहागीर बनलेली आहे. लोकसहभाग, श्रमदान, समिती, निवडणूक हे सर्व शब्द तेथे आहेत, परंतु त्यांतील अर्थ निघून गेला आहे. विनोदाच्या अंगाने शुक्ल जे दाखवतात ते असे की, निधीचा हिशोब ज्याच्या हाती त्याची शाळा. पैसा दिला कोणी, हा प्रश्न तेथे गौण ठरतो.

याउलट बाजूने, म्हणजे मुलाच्या बाजूने, हाच प्रश्न आनंद यादवांच्या ‘झोंबी’त येतो. १९८७ मधील या आत्मचरित्रात्मक कादंबरीत कागलच्या शेतकरी कुटुंबातील एक मुलगा शाळेसाठी झुंजतो. फी, पुस्तक, वही यांसाठी होणारी त्याची ओढाताण वाचताना ध्यानात येते की, ज्याला आपण ‘शैक्षणिक साहित्य’ असे कोरडे नाव देतो ती त्या मुलाच्या दृष्टीने शाळेत राहण्याची किंवा शाळा सुटण्याची सीमारेषा असते. निधिसंकलनाच्या अहवालात दात्यांची नावे असतात, समितीच्या सदस्यांची असतात; पुस्तक न मिळाल्याने गळालेल्या मुलाचे नाव नसते. ते साहित्याने नोंदवले.

७. आजची झाशी

आता पुन्हा झाशीकडे वळू. बुंदेलखंडातील खेड्यांच्या शाळा साहित्येतिहासाला अपरिचित नाहीत. प्रेमचंद १९०९ मध्ये शेजारच्या हमीरपूर जिल्ह्यात, महोब्यास, शाळा तपासनीस म्हणून आले. ‘सोजे वतन’ जप्त झाल्यावर प्रेमचंद हे नाव त्यांनी घेतले ते याच काळात. झाशी जिल्ह्यातील चिरगाव हे मैथिलीशरण गुप्तांचे गाव, मऊरानीपूर हे वृंदावनलाल वर्मांचे जन्मस्थान आणि त्याच परिसरातील मेंढकी हे फागकार ईसुरी यांचे. एवढी वाङ्मयीन समृद्धी असलेल्या या जिल्ह्यातील प्राथमिक शाळेत मुलाच्या हाती पाठ्यपुस्तकाखेरीज काय पडते, हा प्रश्न म्हणूनच टोचणारा आहे.

कायद्याची स्थिती स्पष्ट आहे. २००९ च्या शिक्षणहक्क कायद्याच्या परिशिष्टात प्रत्येक शाळेत ग्रंथालय असावे आणि त्यात वृत्तपत्र, नियतकालिके, सर्व विषयांची व गोष्टींची पुस्तके असावीत, असे नमूद केले आहे. अध्यापनसाहित्य आणि खेळसाहित्यही त्याच यादीत येते. समग्र शिक्षा योजनेत २०१८ पासून ग्रंथालयासाठी शाळेच्या स्तरानुसार वर्षाला ५,००० ते २०,००० रुपयांपर्यंत अनुदानाची तरतूद करण्यात आली. शिवाय पटसंख्येनुसार एकत्रित शाळा अनुदानाचीही. उत्तर प्रदेशात ‘ऑपरेशन कायाकल्प’द्वारे ग्रामपंचायतीकडील निधी शाळांच्या भौतिक सुविधांकडे वळविण्यात आला, ही देणगी नव्हे, हा सार्वजनिक पैसाच आहे. २०१३ च्या कंपनी कायद्याने मोठ्या कंपन्यांना नफ्याचा ठरावीक भाग सामाजिक कामांवर खर्च करणे बंधनकारक केले आणि त्यात शिक्षण आहे. २०२१ मध्ये ‘विद्यांजली’ योजनेच्या नव्या रूपाने शाळेने गरज नोंदवावी व नागरिकाने वस्तू किंवा सेवा द्यावी, अशी सोय झाली. म्हणजे पैशाचे मार्ग आहेत. पण मार्ग आहेत म्हणून पुस्तक मुलापर्यंत पोहोचते, असे नाही.

काही काळापूर्वी या जिल्ह्यातील एका खेड्यातील शाळेच्या व्यवस्थापन समितीची बैठक पाहण्याचा योग प्रस्तुत लेखिकेस आला. विषय होता, वाचनाच्या पुस्तकांसाठी गावातून चंदा जमविण्याचा. मजुरीला जाणाऱ्या एका मातेने पदराच्या गाठीतून वीस रुपये काढून पुढे ठेवले. तेवढ्यात दुसरीने विचारले की, सरकारातून पुस्तके आली असे ऐकले, ती कुठे आहेत? थोडी शांतता पसरली. मग कोपऱ्यातील पत्र्याची पेटी उघडली गेली. आत पुस्तके होती, कोरी, बांधलेली. हरवली तर भरून द्यावी लागतील, या धास्तीने ती कोणी मुलांच्या हाती दिली नव्हती. ज्याच्या ताब्यात ती होती तो शिक्षक अप्रामाणिक नव्हता. वस्तूच्या हिशोबाची भीती त्याला वाचनाच्या हिशोबाहून मोठी वाटत होती, इतकेच. वीस रुपये त्या मातेला परत देण्यात आले आणि पेटीचे कुलूप काढण्यात आले. त्या दिवशीचे सर्वांत मोठे निधिसंकलन तेच होते.

या प्रसंगातून तीन गोष्टी निष्पन्न होतात. एक, मागण्याआधी हिशोब. कायद्यानुसार शाळा व्यवस्थापन समितीत तीन चतुर्थांश सदस्य पालक असतात आणि निम्म्या जागा स्त्रियांच्या असतात. अनुदान किती आले, कशावर खर्च झाले, हे विचारण्याचा अधिकार त्यांचा आहे. कर्व्यांच्या वहीचा काटेकोरपणा आज या समितीच्या नोंदवहीत यावयास हवा. दोन, वर्गणी ही शाळेच्या दाराशी घेतलेले शुल्क होता कामा नये. ज्याने दिले नाही त्याचे मूल त्याच वर्गात, त्याच पुस्तकासह बसले पाहिजे. मुष्टिफंडाने हे साधले होते. तीन, वस्तू आणि वापर यांत फरक केला पाहिजे. २०१५ च्या ‘प्रगत शैक्षणिक महाराष्ट्र’ कार्यक्रमानंतर महाराष्ट्रातील अनेक जिल्हा परिषद शाळांनी लोकसहभागातून डिजिटल साधने घेतली. उत्साह खरा होता. परंतु एकदाच दिलेली वस्तू आणि तिच्या वीजबिलाचा व दुरुस्तीचा दरवर्षीचा खर्च यांचा मेळ घालणे हे दात्याचे काम नव्हे, ते शासनाचे आहे. बडोद्याच्या नियमात हीच जाण होती.

याला एक चौथी गोष्ट जोडावीशी वाटते आणि ती खास आपल्या विद्याशाखेची आहे. पैसा जमला, तर त्यातून घ्यावयाचे काय? झाशीच्या खेड्यातील मूल घरी बुंदेली बोलते आणि शाळेत खडी बोलीतील हिंदी वाचते. आल्हा आणि ईसुरीचे फाग त्याच्या कानावर असतात. कागदावर ते त्याला भेटत नाहीत. शहरातून आलेल्या देणगीच्या गठ्ठ्यात बहुधा देणाऱ्याला नकोशी झालेली पुस्तके असतात. १८४९ च्या अर्जदारांनी दक्षिणेच्या पैशातून रयतेच्या भाषेत ग्रंथ मागितले होते. त्याच न्यायाने बुंदेलखंडातील शाळेसाठी जमणाऱ्या निधीचा काही भाग बुंदेलीतील गोष्टी, गाणी, कोडी गोळा करून ती मुलांसाठी छापण्याकडे गेला पाहिजे. येथे विद्यापीठातील भाषाविभागांना आपले योगदान रोख रकमेपेक्षा मोलाचे करता येईल. हीच गोष्ट महाराष्ट्रात गोंडी, कोरकू, भिली बोलणाऱ्या मुलांनाही लागू आहे.

उपसंहार

महाराष्ट्रातील जिल्हा परिषद शाळांत गावाकडून मिळालेल्या मदतीला ‘शैक्षणिक उठाव’ असे म्हणतात. ज्या नगराचे नाव १८५७ च्या उठावाशी कायमचे जोडले गेले आहे तेथे बसून या शब्दाचा विचार करताना त्याचा दुसरा अर्थ मनात आल्याशिवाय राहत नाही. उठाव म्हणजे उचलून धरणे. उठाव म्हणजे उठून उभे राहणे. गावाने शाळेला उचलून धरावे, हे योग्यच. पण त्यासाठी गावाने आधी आपल्या हक्कासाठी उभे राहावयास हवे.

दक्षिणेकडून वर्गणीकडे आणि वर्गणीकडून हक्काकडे झालेला हा प्रवास सरळ रेषेत झालेला नाही. हक्काच्या काळातही दक्षिणेची वृत्ती शिल्लक आहे: मोठ्या दात्याच्या नावाचा फलक, त्याचा सत्कार, रांगेत उभी केलेली मुले. आणि हक्क कागदावर आला म्हणून वर्गणीची गरज संपली, असेही नाही. त्या खेड्यातील मातेचे वीस रुपये परत दिले गेले ते नाकारण्यासाठी नव्हे. कर भरून, हिशोब विचारून, पेटी उघडून झाल्यावरही काही उणे राहिले, तर ते वीस रुपये अवश्य घ्यावेत. तेव्हा ती भिक्षा असणार नाही आणि दुहेरी करही असणार नाही. ज्या शाळेवर तिचा हक्क मान्य झाला आहे तिच्यासाठी दिलेली ती तिची वर्गणी असेल.